काज पुरं होईपर्यंत

मृणालच्या मावशीचं लग्न झालं ते २०४१ साल. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधीच केशवमामांच्या ओंजळीतल्या अक्षता सांडून गेल्या, आणि जन्मभर काजं केलेल्या शिंप्याच्या हातांना कंप सुटलाय हे सगळ्यांनी पाहिलं.

पुढल्या वर्षी इचलकरंजीतल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मृणाल आणि इरफान यांनी जैववैद्यकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून मामांसाठी 'अनुमान-मोजा' नावाचा हातमोजा बनवला. तो मनगटाच्या स्नायूंचे संदेश वाचायचा, त्यातून कंप वजा करायचा आणि उरलेली हालचाल बारीक मोटरींनी बोटांकडून करवून घ्यायचा. अडचण एकच होती. घामानं संदेश तुटला की मोजा थांबायचा आणि सुई बोटात घुसायची.

"तुटलेला भाग मागच्या टाक्यांवरून भरून काढा," मार्गदर्शक भोकरे मॅडम म्हणाल्या. "मामांची एवढी काजं शिकलाय तो मोजा."

"पण संदेश नसताना हात हलवायचा तो किती वेळ, मॅडम?" मृणालनं विचारलं.

"दोन सेकंद ठेवू," इरफान म्हणाला.

मामा हसले. "दोन सेकंदांत काय हुतंय? काज अर्धं सोडायचं नसतंय, सगळं उसवतंय मग. पुरं करून थांबू दे त्याला."

"आणि मध्येच तुम्हाला थांबायचं असलं तर?" मृणाल म्हणाली.

"मला कशाला थांबायचंय? तुझं लगीन हुईपर्यंत तरी न्हाई."

मृणालला ते पटलं नाही. पण मोजा काज पुरं करूनच थांबू लागल्यावर सुई टोचायची बंद झाली, मामा पुन्हा दुकानात बसू लागले, तेव्हा तिनं ते तसंच ठेवलं.

परीक्षेला मामांनी खुर्ची नाकारली. टेबलावरच मांडी घालून, कोपर गुडघ्यावर टेकून, मान कापडावर झुकवून बसले. पडद्यावर कंपाची रेघ थरथरत होती. तिसऱ्या काजाला ती एकदम सपाट झाली.

"शून्य कंप?" बाहेरून आलेले परीक्षक पुढे वाकले. "असं मी कुठं पाहिलं नाही."

इरफाननं आनंदानं मृणालला कोपर मारलं. ती रेघेकडेच पाहत होती. मोजा बोटांतला कंप घालवायचा. ही रेघ तर थेट स्नायूची, वजाबाकीच्या आधीची होती. ती सपाट व्हायला नको होती.

"घामानं तुटलं असेल," इरफान कुजबुजला.

"मामा," तिनं हाक मारली.

सुई कापडात शिरत होती. टाक्याशेजारी टाका बसत होता.

"मामा, थांबा जरा."

गाठ बसली, काज पुरं झालं. मग मोजा थांबला आणि हात मांडीवरून घसरला.

केशव तुकाराम पोरे २२ एप्रिल २०४२ रोजी सकाळी हृदय बंद पडून वारले. तेव्हा तिसरं काज निम्मंच झालं होतं.