मी धरलंय

आमच्या कामात रोज एक खोटं बोलावं लागतं आणि त्याचाच पगार मिळतो. पेशंट पाण्यातल्या व्यायामासाठी हौदात उतरला की त्याच्या कमरेमागे तळहात लावायचा. तो चालायला लागला की हात अलगद काढून घ्यायचा, तोंडाने मात्र "मी धरलंय" म्हणत राहायचं. पाणी माणसाला धरतंच, फक्त भीती जायची असते. पलीकडच्या टोकाला पोचल्यावर मी दोन्ही हात वर करून दाखवते. माणसं आधी चिडतात, मग हसतात.

सासूबाईंना ही युक्ती पाठ होती, कारण जेवताना मीच सांगायचे. त्यामुळे त्या पेशंट म्हणून माझ्याच वाट्याला आल्या तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, आता ही बाई माझ्या नाकी नऊ आणणार.

बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन बरं झालं, पण टाके चिघळले. रोज कोमट पाण्याच्या हलक्या धारेखाली मी ती जखम धुवायचे, आणि दुखलं की त्या कण्हण्याऐवजी माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या. जखम भरली. पाय मात्र काही केल्या जमिनीला टेकवेनात. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, लवकर पायावर भार घेतला नाही तर स्नायू जातील, मग कायमचा पलंग. आमच्या बाईसाहेबांचे कान तिखट. त्यांनी ते दाराआडून ऐकलं.

त्यांनी स्वतःच्या सासूचं सगळं अंथरुणात केलेलं, वर्षानुवर्षं. घरी येताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मला तसं मरायचं नाही गं." हा आवाज मी त्यांचा कधी ऐकलाच नव्हता. ह्यांना चालवायचंच, असं मी तिथेच ठरवलं.

हौद म्हणजे काही मोठा नाही. हिरवट फरशी, स्टीलचा कठडा, आत उतरायला उतरण. काचांवर कायम वाफ, आणि क्लोरीनचा वास, जो घरी जाऊन डोकं धुतलं तरी जात नाही. पाणी कोमट. पहिल्या दिवशी सासूबाईंनी माझ्या दंडात नखं रुतवली. पुढे पुढे हात सैल पडला, तोंडाचा पट्टा सुरू झाला, आणि मी समजले की गाडी रुळावर येतेय.

मग एके सकाळी, हौदाच्या मध्यावर, त्यांनी विचारलं की आज तुझा हात इतका गार का. मी हात केव्हाच काढून घेतला होता. माझी चाल ओळखून माझीच फिरकी घेतायत, असं वाटलं. मी हसले आणि पुढे चला म्हटलं.

दुसऱ्याच दिवशी शिंपीमास्तर कुरकुरले. खांदा आखडल्यामुळे ते आमच्याकडे यायचे. दुखणं खांद्याचं आहे तर कमरेला कशाला हात लावता, असं त्यांचं म्हणणं. मी तेव्हा हौदाबाहेर होते, टॉवेलची घडी करत. त्यांनी वळून मला पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, आणि घाईघाईने बाहेर आले. त्यानंतर त्यांनी फोन करून सांगितलं की खांदा आता बरा आहे. बरा कसला, हात कानापर्यंतसुद्धा जात नव्हता.

मी अंगारे-धुपारे मानणाऱ्यांतली नाही. पाणी फिरवणाऱ्या पंपाची धार लागत असणार, म्हणून मी मेकॅनिकच्या मागे लागून पंप बंद करवला. पाणी आरशासारखं स्थिर झालं. तरी सासूबाईंना उतरवण्याआधी मी हौदाचा तळ दोनदा न्याहाळला. घरी भांडी हातातून सुटत होती, नवरा काही विचारायला आला की उगाच अंगावर धावून जात होते. काय सांगणार होते त्याला?

त्या दिवशी सासूबाई फार सुंदर चालल्या. पाठ ताठ, पाऊल पूर्ण टेकलेलं. आता खरंच धरूया, म्हणून मी त्यांच्या कमरेमागे हात नेला.

तळहात कमरेला लागलाच नाही.

मध्ये काहीतरी होतं. गार. बोटांची पेरं लागली, एकाशेजारी एक. ती हलली नाहीत.

मी हात ओढून घेतला आणि पाण्यात वाकून पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. त्यांच्या पोहण्याच्या कपड्यावर फक्त पाच ठिकाणी खळगे पडले होते.

"मी धरलंय," सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. मागे वळल्या नाहीत.

उतरण चढून त्या बाहेर आल्या आणि वॉकर बाजूला सारून थेट खुर्चीपर्यंत गेल्या. सफाईच्या मावशींनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याला फोन केला तर तो रडायलाच लागला. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू. पण त्यांना मी परत पाण्यात उतरवलं नाही. बाकीचा व्यायाम कोरड्या खोलीत, असं सांगितलं. एरवी प्रत्येक गोष्टीत वाद घालणाऱ्या त्या, मुकाट्याने हो म्हणाल्या.

घरी त्या सगळीकडे फिरू लागल्या. भाजीत मीठ कमी, पडदे मळलेत, सगळं पूर्वीसारखं. मी मात्र त्यांच्या पाठीमागून जायचं टाळत होते.

तपासणीला त्या चालत गेल्या. डॉक्टरांनी पाठ थोपटायला हात पुढे केला आणि का कोण जाणे, मध्येच मागे घेतला. मग नर्सने वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं. काटा जेमतेम हलला आणि तान्ह्या मुलाच्या वजनावर थांबला. नर्सने काट्याला टपली मारली, मशीन बिघडलंय म्हणाली आणि दुसरं आणायला गेली. मी स्वतः त्यावर उभी राहिले. काट्याने माझं वजन बरोबर दाखवलं.

गळाभर पाण्यात उभ्या माणसाचा पायांवरचा भार साधारण तान्ह्या मुलाएवढाच उरतो. हे मला पुस्तकात बघावं लागत नाही.

सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी जवळ येऊन आवाज खाली केला. "जिने धरलंय ना, तिला सोडायला सांगू नकोस हं."

मी डॉक्टरांच्या बंद दाराकडे पाहिलं. मग कोपऱ्यातल्या व्हीलचेअरकडे. "नाही सांगत, आई," मी म्हटलं.

लिफ्ट समोरच होती, पण त्या जिन्याने निघाल्या, माझ्यापुढे, कठड्याला हात न लावता. जिना रिकामा होता. माझ्या चपला प्रत्येक पायरीवर वाजत होत्या. फक्त माझ्याच.