तीन पक्के, एक हलता

हवामानखोलीत सलीम मुजावर प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून पडद्याकडे बघत बसला होता. चित्रा गभाले ऊबपोशाखाचे पट्टे आवळत होती आणि त्याचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं करत होती. बाहेर, शनीच्या या टायटन नावाच्या चंद्रावर, कित्येक वर्षांत झालं नव्हतं तसलं वादळ घोंगावत होतं. आल्या आल्या त्यानं तळावरची एकुलती एक पंखगाडी मोडून ठेवली, आणि पाठोपाठ ढग्या डोंगराच्या माथ्यावरचा दिशादीपही बंद पाडला.

दिशादीप म्हणजे नावाला दीप; खरं तर तो रेडिओचा खांब. दाट नारिंगी धुक्यातून उतरणारं यान त्याचीच हाक ऐकून मिथेनच्या सरोवराला वळसा घालायचं. आणि उतरयान तर निघालं होतं. छत्रीला लटकून सावकाश खाली येणाऱ्या त्या डब्यात आठ माणसं होती, त्यांपैकी एक चित्राची लेक, गोदा. सात वर्षांनी मायलेकी भेटणार होत्या. दीप लागला नाही, तर डबा सरळ सरोवरात जाणार होता.

"एकटी नको जाऊस," सलीम म्हणाला. गडी कोल्हापूरचा, शनीपर्यंत येऊनही त्याची बोली तसूभर हलली नव्हती.

"मग कोण जाणार? तुझं प्लास्टर?"

"आगं, पण त्यो कडा! मी त्याच कड्यावरनं पडलोय."

"पाचशे फुटांवरून पडलास आणि घोटा तेवढा मोडलास. तूच सांगत असतोस ना सगळ्यांना?"

"ते खरं हाय." या विषयावर सलीमला फार आग्रह करावा लागत नसे. "हितं आपलं वजन सातव्या हिश्शाचं आणि हवा चौपट दाट. पृथ्वीवर माणूस पडत सुटला की सुटलाच. हितं हवा लगेच आवरून धरती. कितीबी उंचावरनं पड, पहिल्या मजल्यावरनं उडी टाकल्यागत लागतंय. पावसाचं बग की, लिंबाएवढा थेंब, पण येतोय कसा निवांत."

"मग झालं तर."

"काय झालं? पडलीस तर खालीच येशील की बाई! तुला जायचंय वर."

चित्रानं मास्क चढवला, तंबूचं कापड पाठीला बांधलं आणि दोर खुंटीवरच विसरून ती बाहेर पडली.

खरं सांगायचं तर कड्याला हात लागताच ती खुशीत आली. पोरगी जिवावरच्या संकटात असताना आईनं खूश व्हावं का? पण झाली, त्याला काय करणार! अकोले तालुक्यातल्या डोंगरात ती वाढली होती. तिचे वडील, आबा, गिर्यारोहकांना कडे दाखवायचे. चालायला लागली तसं त्यांनी तिला कातळाला चिकटवलं आणि एकच मंत्र दिला: दोन हात, दोन पाय, त्यांतले तीन पक्के, एक हलता. चौथा पक्का झाल्याशिवाय तिसरा सोडायचा नाही. इथला कातळ म्हणजे दगडासारखं टणक झालेलं बर्फ, पण मंत्र तोच. मिथेनचा पाऊस अंगावर टपटपत होता, वारा कानात ओरडत होता, आणि ही बाई मास्कच्या आत गुणगुणत भराभरा वर सरकत होती.

माथा सत्तर फुटांवर असताना मात्र गाणं थांबलं. कडा पुढं झुकला होता, पावसानं धुऊन काचेसारखा गुळगुळीत झाला होता. बोट शिरेल एवढी फट नाही. खिळा ठोकला तर खिळाच वाकला. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, वाट नव्हती.

"सलीमभाई, अडकले रे." तिनं रेडिओवरून सलीमला सांगितलं. "गोदा कुठवर आलीय?"

"ढगात शिरली. आता परत फिर, चित्रा. तुझ्यानं झालं तेवढं केलंस."

तिला रडू फुटलं. डोळे मिटले, उघडले, आणि तिला काहीतरी विचित्र दिसलं.

"सलीमभाई, इथं थेंब वर चाललेत."

"कायतरीच काय!"

"शपथ. कड्याला लागून पाऊस खालून वर जातोय."

पलीकडून कळफलकावर बोटं आपटल्याचा आवाज आला. "व्हय की! वारा डोंगराला धडकतोय, जायला जागा न्हाई, म्हणून कडा धरून वर चढतोय. माणूस पळंल त्या वेगानं. थेंब पडतोय चालीच्या वेगानं. म्हणून..."

"म्हणून थेंब हरतोय. आणि मी?"

"तू थेंबापेक्षा लई जड हायस."

"तंबूचं कापड आहे पाठीवर. चारी टोकं अंगाला बांधून पसरलं तर?"

आता बोटं बराच वेळ आपटली. "तर तूबी चालीच्याच वेगानं पडशील," सलीम हळूच म्हणाला. "म्हणजे... पडलीस तर वर जाशील. अरारा! पण कडा सोडावा लागंल."

तिनं एकेका हातानं टोकं बांधली, तीन पक्के ठेवून. मग हात सुटेना. डोक्याला पटलं होतं, पण बोटांना कोण सांगणार? ती आबांच्या तालमीतली होती. गोदा, गोदा, असं ती दोनदा मोठ्यानं म्हणाली, आणि चारही सोडून मागं उडी मारली.

आधी ती खालीच गेली. तोंडातून आबांचं नाव निघालं. मग कापड फाडकन भरलं, खांदे वर ओढले गेले, आणि जिथं हात पुरला नव्हता तो कडा तिच्या डोळ्यांसमोरून आरामात खाली निघून गेला. आजूबाजूला लिंबाएवढे थेंब तिच्याबरोबर वर चालले होते. ती हसत सुटली. माथा पायाखाली येताच तिनं कापड गोळा केलं आणि धपकन बुडावर आपटली.

दीपाची तुटलेली जोडणी बदलायला काहीच वेळ लागला नाही. धुक्यातून आलेला छत्रीचा ठिपका सरोवराकडे जाता जाता थबकला आणि तळाकडे वळला. चित्रानं आनंदानं आरोळी ठोकली आणि उलट्या बाजूनं, जिथं वारा खाली उतरत होता, तिथून पुन्हा उडी मारली.

तळावर मायलेकींनी मिठी मारली तेव्हा मास्कवर मास्क आपटला. "आजोबांना कळवलंस?" गोदानं पहिलं हेच विचारलं.

चित्रानं निरोप धाडला: "आबा, गोदा सुखरूप. कड्यावरून माझे हातपाय सुटले, चारही. काळजी नको, मी वर पडले."

पृथ्वीवरून उत्तर यायला जवळजवळ तीन तास लागतात. तोवर चहा झाला, सलीमनं सगळी हकिकत दोनदा वाढवून सांगितली. मग आबांचा थकलेला, खरखरीत आवाज खोलीत आला.

"वर पडलीस, ब्येस झालं पोरी. पण दोर कुठं होता?"