रिकाम्या खिळ्याखालची काच

"जमादार, चोरी झाली! तहसीलदारसाहेब अकराला यायचे आहेत, आणि भिंतीवरचा फोटो गेला!"

दौलतराव फोटोग्राफर धापा टाकत चौकीत शिरले, तेव्हा हरिसिंग जमादार बशीतला चहा फुंकत होते.

"कोनाचा फोटो?"

"जगदेवचा. दंडारीतल्या."

"फोटो कोनी चोरते का, बाप्पा?" जमादारांनी चहा संपवला आणि मगच टोपी उचलली.

१९३७ सालच्या पौषातली गोष्ट. दौलतराव वर्षभर कॅमेरा पाठीवर मारून गावोगाव हिंडले होते. मूर्ती घडवणारा, भारूड म्हणणारा, गोधडीवर मोर काढणारी म्हातारी, दंडारीच्या लोकनाट्यात नाचणारे, सगळ्यांचे फोटो काढून त्यांनी वाशीमच्या धर्मशाळेत मांडले होते. लोक हसले होते त्यांना. हसोत बापडे! कलावंत मेल्यावर त्याचे गोडवे सगळेच गातात, जिवंतपणी कोण विचारतो? दौलतरावांना ते जिवंतपणीच करायचं होतं.

धर्मशाळेच्या भिंतीवर फोटो ओळीनं टांगलेले होते. प्रत्येकाला पांढऱ्या शेवंतीचा ताजा हार. मधला एक खिळा तेवढा रिकामा.

"काचही फोडली मेल्यानं," दौलतराव खाली बोट दाखवत म्हणाले.

जमादार उकिडवे बसले. एक तुकडा उचलून त्यांनी उजेडात धरला. "फोटोच्या काचेले हिरवा रंग कवापासून आला, दौलतराव?"

तुकडे बांगड्यांचे होते. एकावर रक्ताचा थेंब. शेजारी झेंडूच्या चार मलूल पाकळ्या पडल्या होत्या. जमादारांनी त्याही रुमालात बांधल्या.

"दार कोनी उघडलं?"

कोपऱ्यात उभा असलेला इंद्रभान पुढे आला. तो जगदेवचा जोडीदार; जगदेव बाईचं सोंग घेऊन नाचायचा आणि हा डफ वाजवायचा. त्याचाही फोटो भिंतीवर होता. फोटो टांगायला कालपासून तोच राबत होता.

"मीनं उघडलं. किल्ली माह्यापाशीच होती. उजाडता झाडलं आन् विहिरीवर आंघोळीले गेलो. वापस आलो त फोटो नाई."

"जगदेव कुठी हाय?"

"खानदेशात. नाटक कंपनीसंगं."

"तू बी त गेला होता."

"मले ताप भरला. मी आलो. तो राह्यला."

"त्याची बायको?"

"मनकर्णावैनी. अनसिंगले राह्यते." इंद्रभाननं रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं. "आज येनार होती. फोटो पाहाले."

जमादार ताडकन उठले. "चोर नोहे हा, दौलतराव. घरची बाई हाय! आपल्या खेड्यात माळ घातलेला फोटो कोनाचा रायते? मेलेल्याचा! तुमी सत्काराचे हार घातले, आन् त्या बाईनं अथीच बांगड्या फोडल्या. चाला लवकर, नाईतर ती जिवाचं काई करून घेईन!"

पद्मतीर्थ तलावाच्या पायरीवर ती सापडली. पाय पाण्यात, मांडीवर फोटो, कपाळ पुसलेलं. मनगटातून रक्त येत होतं. फोटोवरची झेंडूची माळ तशीच होती.

"मनकर्णाबाई, उठ माय. तुहा नवरा जित्ता हाय."

तिनं मान वळवली नाही. "कोन म्हनते?"

"मी म्हनतो. सरकारचा मानूस. अवं, सगळ्याच फोटोले हार हायेत. इंद्रभानच्या फोटोले बी हाय, आन् तो त हा काय, समोर उभा हाय! मानाचे हार हायेत ते."

तिनं इंद्रभानकडे पाहिलं. "खरं हाय का, भाऊजी?"

इंद्रभाननं नुसती मान डोलावली. ती फोटो छातीशी धरून हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. "कशी येडी मी! बांगड्या फोडून बसली न् काय!"

कासारणीकडून हिरवा चुडा भरून तिला धर्मशाळेत आणलं. दौलतरावांनी तिला पहिल्या रांगेत बसवलं. बायांनी कुंकू लावलं, थट्टा केली. तीही लाजून हसत होती. जमादारांना बरं वाटलं. पोलिसाच्या हातून असं काम कितीदा होतं?

फोटो पुन्हा खिळ्यावर चढला. तेवढ्यात नानीबाई माळीण हातात शेवंतीचा हार घेऊन पुढे झाली.

"हा सकाळचा उरला जी. मी हार घालाले आली, तवा हा खिळा रिकामाच होता."

जमादारांनी तिच्याकडे पाहिलं. "मग यावरची झेंडूची माळ कोनाची?"

"माही नोहे. मी झेंडू आनलाच नाई. अन् हे त कालचं फूल दिसते, मलूल झालं."

जमादारांनी इंद्रभानला दंडाला धरून मागच्या पडवीत नेलं. दौलतराव मागोमाग आले.

"मी चुकलो, दौलतराव," जमादार म्हणाले. "बाई आली तवा भिंतीवर एकबी हार नव्हता. नानीबाई मागून आली. फक्त जगदेवच्या फोटोले माळ होती, अन् ती कालचीच. काल दार लावेपर्यंत अथी कोन होतं? किल्ली कोनाजवळ होती? सत्कार करनारा साऱ्यायले हार घालते. एकट्यालेच माळ तो घालते, ज्याले मालूम रायते." त्यांनी इंद्रभानचा दंड सोडला. "कवा मेला जगदेव?"

इंद्रभान खाली मान घालून बोलू लागला.

"कार्तिकात. पटकी झाली. माह्याच मांडीवर गेला जी. मीनंच जाळलं."

"अन् बायकोले सांगतलं नाई?"

"सांगाले गेलो होतो. तिनं दारातच इचारलं, 'ते कवा येते?' माह्या तोंडून निंगून गेलं, 'संक्रांतीले.' मंग दर बाजारी इचारे. मी दर बाजारी तेच सांगो."

"आन् माळ काहून घातली, लेका?"

"मेलेल्या मानसाचा फोटो बोडका कसा टांगू? त्याचं दिवसपानी नाई झालं, कोनी दोन फुलं नाई वाह्यली. रात्रभर राहू देऊ, सकाळी काढू म्हटलं. आंघोळ केल्याबिगर हात लावाचा नव्हता, म्हून विहिरीवर गेलो. तेवढ्यात ती आली."

दौलतराव भिंतीला टेकले. आत टाळ्या वाजत होत्या. तहसीलदार आले होते.

"आता?" दौलतरावांनी विचारलं.

"आता काय! जित्ता हाय म्हून मी सांगतलं, मलेच सांगा लागन. चाल, इंद्रभान."

कार्यक्रम आटोपल्यावर तिला पडवीत बोलावलं. इंद्रभाननं तिचे पाय धरले आणि सगळं सांगितलं. तिनं आपले पाय सोडवून घेतले. मग ती जमादारांकडे वळली.

"सकाळी मी रडून मोकळी झाली होती जी," ती म्हणाली. "तुमी काहून आले?"