मागच्या गोळ्याचं तेल

"गाडी बोलती, मालक. फक्त ऐकणारा कान पायजे," असं म्हणून सूर्यभान मिस्त्रीनं उजव्या कानाच्या पाळीला हात लावला. पैलवान मिशीला लावतो तसा.

जिंतुरात येलदरी रोडला त्याचं पत्र्याचं गॅरेज, आणि गॅरेजमागंच घर. त्याच्या कानाची ख्याती तालुकाभर होती. ती पसरवायचं काम तो स्वतःच करायचा, मोठ्या मेहनतीनं. लांब पेचकसाचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, डोळे बंद, की झालं निदान. कानाचे लाडही तसेच. रोज सकाळी बायको कमलबाई तिळाचं तेल कोमट करून दोन्ही कानांत दोन-दोन थेंब सोडायची. लेकीच्या लग्नादिवशीसुद्धा खाडा पडला नव्हता.

समोर उभे होते गंगाखेडचे दिनकरराव, ऊसतोडीचे ठेकेदार. त्यांची गाडी चारी चाकांना ताकद देणारी, पुण्याहून जुनी घेतलेली. पाणी दिलेल्या उसातून पण आरामात निघायची. पण चाळीसच्या पुढं गेली की मागून गुणगुण यायची. मागच्या दोन चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, डिफ्रन्शियल, तो अख्खाच बदला, असं शहरातल्या एका मोठ्या गॅरेजनं सांगितलं होतं. सूर्यभान हसला. म्हणाला, उजवं बेअरिंग गेलंय, इथूनच कळायलंय.

गाडी तेव्हा बंद उभी होती.

तरी रीत म्हणून तो डिक्कीत आडवा झाला, पत्र्याला कान लावला, आणि दिनकररावांनी गाडी येलदरीच्या रस्त्याला काढली. तीस. पस्तीस. चाळीसला आवाज सुरू झाला. बेअरिंग गेलं की घरघरतं, दाते झिजले की किंचाळतात. ह्यातलं हे काहीच नव्हतं. तोंड मिटून कुणी गुणगुणावं तसा आवाज होता. मधेच तो थांबायचा, श्वास घ्यायला थांबावं तेवढाच, आणि पुन्हा लागायचा.

धरणाच्या अलीकडं चहाला थांबल्यावर दिनकररावांनी काळजीनं विचारलं, काही धोका तर नाही ना.

"आवाज हाय तवर भ्यायचं न्हाई, मालक," सूर्यभान म्हणाला. "आवाज करती ती वस्तू जिती असती. आवाज थांबला, की समजायचं आता जाम होनार."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं गोळा उतरवून खोलला. उजवं बेअरिंग लोण्यासारखं फिरत होतं. डावंही. दाते नव्यासारखे. तेलात लोखंडाचा कण नाही. तेल मधाच्या रंगाचं, त्याला वास कसलाच नाही, आणि ते कोमट होतं. पौषातली थंडी, गाडी रात्रभर उघड्यावर, जॅकला हात लावला तर बोटं आखडत होती. तेल मात्र आत्ताच कुणाच्या तरी अंगातून काढल्यासारखं.

"मला बिघाड सापडला नाही," हे एवढंच सांगायचं होतं. पण हे वाक्य सूर्यभाननं आयुष्यात कधी म्हटलं नव्हतं, आणि या वयात नवीन काही शिकायची त्याची तयारी नव्हती. त्यानं हातोडा घेतला, उजवं बेअरिंग स्वतःच फोडलं आणि तुकड्यांचा फोटो दिनकररावांना पाठवला. खाली लिहिलं, बेअरिंगनं जाताजाता सगळंच खाल्लं, गोळा बदलावा लागंल. परभणीच्या भंगार बाजारातून दुसरा गोळा आला, बसला, आणि गाडी ऐंशीला पण गप्प. संध्याकाळी दिनकररावांकडून पेढे आले.

उतरवलेलं तेल आमच्याकडं कुणी फेकत नाही. बैलगाडीच्या आसाला, दाराच्या बिजागरीला, वाळवी लागलेल्या चौकटीला, कुठं ना कुठं ते जिरतंच. एरवी काळंकुट्ट असतं, हे सोन्यासारखं. शेजारची म्हातारी सरजाबाई दाराच्या बिजागऱ्यांसाठी वाटीभर घेऊन गेली. कारखान्यावर उसाला निघालेल्या पंडितनं बैलगाडीच्या आसासाठी डबाभर नेलं. उरलं ते सूर्यभाननं खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून घरच्या कोनाड्यात ठेवलं. शिलाई मशीनला होईल म्हणून.

तिसऱ्या दिवशी सकाळीच कमलबाईचा गॅस संपला. कानाचं तेल कोमट कशावर करायचं? कोनाड्यातली बाटली हाताला लागली, तर आयती गरम. तिनं देवाचे आभार मानले आणि नवऱ्याच्या कानांत दोन-दोन थेंब सोडले.

"आज तेल झ्याक हाय," सूर्यभान म्हणाला.

त्याच दुपारी सरजाबाई गॅरेजात आली. "सूर्यभान, माझं दार गाणं म्हनायलंय रे."

वयाचा परिणाम, असं हसून म्हणत तो पेचकस घेऊन गेला. दार बंद होतं, वारा नव्हता. टोक बिजागरीला लावलं, मूठ कानाला. तोंड मिटून गुणगुण. श्वास घेण्यापुरता थांबा. पुन्हा गुणगुण. त्यानं पेचकस पुसून खिशात ठेवला आणि सांगितलं की थंडीनं लाकूड आवळतं.

दुसऱ्या दिवशी सरजाबाईनं भिंतीवरूनच खुशीत ओरडून सांगितलं की दार गप्प झालं. अर्ध्या तासानं ती आत अडकली. बिजागऱ्यांचं एकच लोखंड झालं होतं, जणू वितळून ओतलेलं. चार गडी लागले, पहार वाकली, दार हललं नाही. शेवटी दाराशेजारची भिंत फोडली. सरजाबाई त्याच भिंतीला टेकून बसली होती. खुबा मोडला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी पंडितच्या बायकोचा, राणीचा, कारखान्यावरून फोन आला. बैलगाडी दोन दिवस उभ्या जागी गुणगुणत होती. काल सकाळी गप्प झाली. उसानं भरून उताराला लागली, आणि दोन्ही चाकं एकदमच थांबली. ऊस थांबला नाही. पंडितचे दोन्ही पाय त्याच्याखाली गेले.

"मिस्त्री, तेल कसलं व्हतं ते?" तिनं विचारलं.

"तेल चांगलं व्हतं. आस जुना असंल," सूर्यभान म्हणाला आणि फोन ठेवला.

फोन ठेवला तरी आवाज येतच होता.

आधी त्याला वाटलं फोनच चालू राहिला. मग वाटलं पाण्याची मोटर. मग त्यानं पेचकसाचं टोक हनुवटीला लावलं, मूठ कानाला, आणि डोळे मिटले.

घरी येऊन त्यानं कमलबाईला विचारलं, कानात कुठल्या बाटलीतलं तेल घातलं. कोनाड्यातलं, ती म्हणाली, आयतं गरम होतं. तिला सांगायचं तर तेलाचं सांगावं लागलं असतं, तेलाचं सांगायचं तर बेअरिंगचं, आणि बेअरिंगचं म्हणजे हातोड्याचं. त्यानं बाटली लोणच्याच्या बरणीमागं सरकवली आणि गप्प बसला.

बसला, तर आवाज बारीक होऊ लागला. मान जड झाली. तो ताडकन उठून चालायला लागला, तसा आवाज पुन्हा भरला.

मग तो चालतच राहिला. बसस्टँड, कापूस जिनिंग, येलदरी नाका, पुन्हा बसस्टँड. भाकरी हातात घेऊन चालता चालता खायचा. झोप भिंतीला हात लावून, पाय जागच्या जागी हलवत. लोकांनी कौतुक केलं. मिस्त्रीनं शुगर मनावर घेतली, म्हणाले. दिनकररावांची गाडी एकदा मागून आली, ती कधी आली कळलंच नाही. काच खाली करून ते म्हणाले, "एकदम गप हाय बगा गाडी. तुमच्या कानाला तोड न्हाई." सूर्यभाननं चालता चालताच हात जोडले.

तिसऱ्या दुपारी नाक्याजवळ चपलेत बाभळीचा काटा घुसला.

तो काढायला तो वाकला.

आवाज थांबला.

वाकलेला तसाच परभणीला नेला. एक हात चपलेवर, मान उजवीकडं, दातखीळ बसलेली, डोळे उघडे. डॉक्टरांनी सगळ्या मशिनीखालून काढला आणि सांगितलं, बिघाड कुठंच सापडत नाही, आतले सगळे भाग चांगले आहेत. चौथ्या दिवशी घरी पाठवला. कान शाबूत होते. पाल सरपटली तरी ऐकू यायची.

कमलबाईनं त्याच्या मानेवरून हात फिरवला. अंग गार पडलं होतं. तिनं तेल शोधलं, आणि रोज स्वतः घर झाडणाऱ्या बाईला बरणीमागची बाटली सापडतेच.

"आयतं गरम हाय बगा," ती म्हणाली.

त्यानं सगळा जोर जबड्यात आणला.

जबडा हलला नाही.

तिनं दोन्ही तळव्यांना तेल चोळून घेतलं, आणि मान चोळत राहिली. सकाळ-संध्याकाळ, दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी ती मधेच थांबली. "अवो," ती हसून म्हणाली, आठ दिवसांत पहिल्यांदा, "तुमी गुणगुणायलाव का?"

तो गुणगुणत नव्हता. आवाज तिच्या मनगटांतून येत होता, उजव्यातून जास्त. ह्या वेळी त्याचा कान चुकला नव्हता.

शुक्रवारी सकाळी तिनं तव्यावर भाकरी टाकली आणि वरून पाणी फिरवायला दोन्ही हात तिच्यावर टेकले, तेव्हा मनगटांतला आवाज थांबला. शेजारचं सरजाबाईचं घर बंद होतं, ती अजून दवाखान्यात. सिलिंडर आदल्याच दिवशी आलं होतं, भरलेलं.