तीन दातांचा पंजा

कासू स्टेशनकडून खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सॅमसनकाकांचं वेल्डिंगचं दुकान होतं. १९९५च्या एप्रिल महिन्यात आम्ही तिथे एका लहान ट्रॅक्टरसाठी लोखंडी पंजा बनवत होतो. मी भौतिकशास्त्राची पदवी घेऊन धाटावच्या एका कंपनीच्या बोलावण्याची वाट पाहत होतो. तरफ आणि तेलाचा दाब मी कागदावर शिकलो होतो. काकांकडे तेच ठिणग्यांसकट शिकायला मिळत होतं.

ट्रॅक्टरच्या पुढे मातीची बकेट होती, पण मोठे दगड तिच्यातून घरंगळत. म्हणून बकेटच्या जागी पंजा: खाली दोन दात, वर एक. दात ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे. वरचा दात उघडायला-मिटायला एक छोटा सिलिंडर. तो दात ज्या खिळीवर फिरायचा, ती काकांनी घरच्या तेलघाण्याच्या आसातून कापली होती. त्यांचे वाडवडील तेल गाळायचे. शुक्रवारी सूर्य टेकल्यापासून शनिवारी तीन चांदण्या दिसेपर्यंत घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं.

दगड हवे होते खांडीसाठी. खाडीचा बांध एका जागी फुटला होता आणि त्या खांडीच्या मागेच बेने इस्रायलांचं कबरस्तान होतं. पाण्याकडच्या ओळीत काकांच्या बायकोची, सिपोराकाकूंची कबर होती. त्यांचा मुलगा नथानियल वडिलांना इस्रायलला बोलावत होता. गावातली बाकीची यहुदी घरं केव्हाच गेली होती. काका म्हणायचे, "तिला पाण्यात टाकून कसा जाऊ?"

शनिवारी दुपारी अमावस्येचं उधाण येणार होतं. पंजा पुरा व्हायला शुक्रवारची संध्याकाळ झाली. बांधालगत शेती करणारा गुणाजी दारात येऊन उभा राहिला.

"काका, उद्याचं उधान मोठं हाय. खांड बुजली नाय तर कबरी ऱ्हायच्या नाय."

"पहाटे लागू कामाला. मी स्वतः खांडीत उतरून दगड बसवीन."

"शनवारी? तुमी?" गुणाजी हसला. "काकू असती तर कोंडून घातलं असतं तुमाला."

"कोंडायची नाय ती. मनगट धरायची." काकाही हसले. "शुक्रवारी दिव्यात खोबरेल ओतलं का तशीच तेलकट हातांनी दुकानात यायची. मी कामात असलो तरी ओढून न्यायची. बाहीला पाच बोटं उठायची. आन् सोमवारी शर्ट धुताना शिव्या परत मलाच."

बोलता बोलता त्यांनी एक नट आवळायला पंजात हात घातला. ट्रॅक्टरचं इंजिन बंद होतं. बाहेर सूर्य खाडीपलीकडे टेकला होता.

वरचा दात खाली आला. आवाज झाला नाही.

मी ओरडलो. काका ओरडले नाहीत. "दुखत नाय," ते म्हणाले. "नुसतं धरलंय."

तेल गळलं तर दात स्वतःच्या वजनाने खाली येईल, हे मला कळत होतं. पण मग तो मनगट चिरडूनच थांबला असता. तो मनगटाच्या जाडीवर थांबला होता. मी इंजिन चालू करून दांडा ओढला. काही हललं नाही. तेलाची नळी सोडली. पहार घातली, ती वाकली. शेवटी मी सिलिंडर सुटा केला आणि खिळी ठोकून बाहेर काढली.

दात कशालाच जोडलेला नव्हता. तरी तो जागचा हलला नाही.

"काप, प्रणित," काका म्हणाले. "गॅसने काप."

"हात जळेल काका."

"जळू दे!"

मी कापलं नाही. गुणाजी गावातून माणसं घेऊन आला. त्यांनीही जोर लावून पाहिला. त्यानंतर पंजाला कोणी हात लावला नाही. काका रात्रभर स्टुलावर बसून होते. सकाळी मी त्यांना हाताने चहा पाजला.

पंजा असा अडकलेला, त्यामुळे दगड हलवायला काहीच नव्हतं. दुपारी खाडीकडून लांबलेला, जड आवाज आला. काकांनी डोळे मिटले.

गुणाजी आला तो कमरेपर्यंत चिखलाने भरलेला.

"बांध गेला. अर्धा जागीच बसला. जिथं तुमी उतरनार व्हता ना, तो तुकडा पयला गेला. कोन असता तिथं तर गावला नसता."

"आन् कबरी?"

गुणाजी खाली बसला. "पान्याकडची वळ गेली, काका."

मोकळ्या हाताने काकांनी पंजाच्या लोखंडावरून एकदा हात फिरवला, नंतर कपाळ त्याला टेकवलं.

अंधारू लागलं. दुकानात मशीनच्या तेलाचा आणि गंजाचा रोजचा वास होता. त्यात दुसरा एक वास मिसळत गेला. दाराबाहेर आकाशात एक चांदणी दिसली. मग दुसरी.

तिसरी दिसली तेव्हा दात हळूच वर गेला.

काकांनी हात बाहेर काढला. मी कंदील जवळ नेला. मनगटावर ओरखडासुद्धा नव्हता. बाहीवर मात्र खोबरेलाचे डाग होते. तीन दातांचे तीन नव्हे. चार बोटं आणि एक अंगठा. माझ्या हाताशी ताडून पाहिले, ते बरेच लहान होते. आणि ओले होते.

काका त्या डागांकडे कितीतरी वेळ बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या बाजूला, माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर, रिकाम्या जागेकडे पाहिलं.

"आता सोमवारी हा कोन धुवील गो?"