पाण्याच्या गोळ्यातलं दुखणं

मेंदूचे फोटो काढणाऱ्या त्या विभागात ताईला सतरा वर्षं झाली होती. मशीन तिचं, काचेमागची खोली तिची, पेशंटला "हलू नका" म्हणणारा आवाजही तिचाच. विभागप्रमुख सरांचं संशोधन सुरू झाल्यापासून मात्र तिला पाठ टेकायला उसंत नव्हती. अर्धशिशीच्या पेशंटला डोकं दुखत असतानाच मशीनमध्ये घालायचं आणि ते दुखणं मेंदूत नेमकं कुठं उमटतं ते पाहायचं. जो भाग कामाला लागेल तो पडद्यावर नारिंगी दिसे. पेशंटनं दर मिनिटाला शून्य ते दहामधला आकडा सांगायचा, की आत्ता किती दुखतंय.

मंगळवारी दुपारी गणिताच्या बाई आल्या, वर्ग अर्ध्यावर टाकून, शाळेतून थेट. डावा डोळा तळहातानं झाकलेला, ओठ पांढरेफटक. चपला काढताना त्यांचा तोल गेला, तेव्हा ताईनं त्यांना दंडाला धरून मशीनमध्ये झोपवलं.

वीस मिनिटं बाई लाकडासारख्या पडून होत्या. नऊ, म्हणाल्या. आठ. नऊ. पुन्हा नऊ.

पडद्यावर काही नव्हतं. नुसता राखाडी मेंदू, दुपारी सुखानं लवंडलेल्या माणसाचा असावा तसा.

"बघितलंत?" सर मागून म्हणाले. बाई बाहेर आल्यावर त्यांनी आवाजही खाली आणला नाही. "वर्ग नकोसा झाला तर सरळ रजा टाका, बाई. माझं मशीन कशाला अडवता?"

बाईंना घरी जाण्याइतकंही त्राण नव्हतं, म्हणून त्या बाहेरच्या बाकावर भिंतीला डोकं टेकून बसल्या.

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची आई महिन्यातले चार दिवस डोळ्यांवर ओलं फडकं बांधून पडे. घरचे म्हणत, हिचं डोकं बरं कामाच्याच दिवशी दुखतं. बारा वर्षांची ताईही एकदा तेच बोलली होती. आईनं फडकं न काढता "असेल" एवढंच म्हटलं होतं. आई जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तो एक शब्द ताईच्या घशात काट्यासारखा अडकून होता.

"मशीन तपासते," ती म्हणाली.

तपासणीसाठी पाण्यानं भरलेला प्लॅस्टिकचा गोळा असतो, डोक्याएवढा. तो आत ठेवला की पडद्यावर एकसारखा राखाडी गोल दिसतो. ना मेंदू, ना रक्त, पाण्यात हलायला आहे काय?

तिसऱ्या मिनिटाला गोलाच्या डाव्या कडेला एक नारिंगी ठिपका आला.

ताईनं मशीन बंद करून पुन्हा लावलं. गोळा काढून पुसला, पुन्हा ठेवला. ठिपका आला, आणि या वेळी पसरला. जिथं डोळा असता त्या जागेमागून निघून कानाच्या वरपर्यंत गेला. तो स्थिर नव्हता. ठणकत होता.

तिनं दार किलकिलं केलं. "बाई, आत्ता आकडा किती?"

"आठ."

थोड्या वेळानं रंग फिका पडला. ताईनं पुन्हा विचारलं. बाई म्हणाल्या, "सहा." मग रंग एकदम भडकला, आणि ताईनं विचारायच्या आधीच बाहेरून कण्हण्याचा आवाज आला.

तिनं सरांना बोलावून आणलं. ते पोट धरून हसले. "पाण्याला अर्धशिशी. छान. छापून आणू या."

"तुम्ही झोपा ना आत," ताई म्हणाली. सतरा वर्षांत ती या सुरात कुणाशी बोलली नव्हती. "बाई खोटं बोलतात, पाणी खोटं बोलतं. तुमचं डोकं तरी खरं बोलेल."

सरांनी घड्याळ, पट्टा, किल्ल्या काढून ठेवल्या आणि ऐटीत आडवे झाले.

पहिल्याच मिनिटाला पडद्यावर मेंदूचा डावा अर्धा भाग पेटल्यासारखा झाला.

"सर, आकडा?"

"शून्य. ठळक लिहा."

मागं दार वाजलं. गणिताच्या बाई उभ्या होत्या. हात डोळ्यावरून खाली आलेला, चेहऱ्यावर रंग परतलेला. "ताई, थांबलं हो. कुणी रुतलेली सुई उपसून घ्यावी तसं. असं कधी होत नाही." पर्स खांद्याला लावून त्या चालत्या झाल्या. शेवटचा तास अजून मिळेल म्हणाल्या.

पडद्यावरचा रंग गेला नाही. गडद झाला.

"सर, आकडा?"

"शून्य."

रंग उजवीकडे सरकू लागला.

"सर?"

"शून्य म्हटलं ना."

तिनं त्यांना बाहेर ओढलं. सर हसत उठून बसले. डाव्या डोळ्यातून पाण्याची धार लागली होती. ती त्यांनी पुसली नाही.

काचेमागच्या खोलीत येऊन पडदा पाहिल्यावर ते म्हणाले, "इंजिनियरला बोलवा. मशीन गेलंय." वळताना त्यांचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. कोपऱ्यातल्या बेसिनवर वाकून ते भडाभडा ओकले, तोंड धुतलं, आणि मघाच्याच स्वरात म्हणाले, "आणि त्या बाईंचं नाव यादीतून काढा."

"सर, तुम्हाला काही होतंय का?"

"मला?" त्यांना खरंच नवल वाटलं होतं. "मला काय होणार?"

ताईचा हात फोनकडे गेला. शेजारच्या वॉर्डात डॉक्टर होते, दोन मिनिटांत आले असते. तिनं हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. स्वतःच्या त्या शांतपणाची तिला भीती वाटली, पण राग त्याहून मोठा होता.

सर टेबलाशी बसून अहवाल लिहू लागले. पेशंटची तक्रार निराधार, असं सुबक, सरळ अक्षरात. उजवा हात मुळीच कापत नव्हता. डाव्या हाताची नखं मात्र कानशिलात खोल रुतली होती. नखांखालून निघालेली बारीक लाल रेघ कॉलरपर्यंत पोचली, तरी सर आपल्याच नादात गुणगुणत होते.