वेर्नाकच्या घळीतलं उत्तर

ये ब्लांदीन, बस. बूट राहू देत पायात, आमच्याकडे चिखल घरातच राहायला असतो. दिवा जरा इकडे सरकव, या लगामाची शिवण मला दिसत नाहीये. फाब्रिस नालबंदाकडे गेलाय, त्याच्या घोड्याचा, कापितेनचा, नाल सैल झाला होता. एकटाच गेलाय. अंधार पडायच्या आत येईल, तोवर आपलं बोलणं होऊन जाईल.

तर तुला शेपटीची जागा हवी आहे. घोडा तुला येतो, ते मी सकाळी पाहिलं. पण तू विचारलंस ना, की बाकी सगळ्या गढ्या दाखवता, मग पाहुण्यांना वेर्नाकला का नेत नाही? ते ऐकून मग ठरव. फाब्रिसला विचारू नकोस, तो हसून टाळेल. हल्ली तो फारच हसतो.

पाहुण्यांना घोड्यावरून फिरवायच्या आमच्या धंद्यात दोनच जागा असतात, डोकं आणि शेपूट. डोकं म्हणजे फाब्रिस, पुढे वाट दाखवणारा. शेपूट म्हणजे मी. कुणाच्या खोगिराचा तंग ढिला झाला, कुणाची टोपी पडली, कुणाचा घोडा झुडपं ओरबाडत थांबला, हे सगळं शेपटीनं बघायचं. ओढा ओलांडला किंवा वाट वळली की डोकं ओरडतं, ‘सगळे?’ आणि शेपटीनं लगेच म्हणायचं, ‘सगळे!’ डोकं मागे वळून बघत नाही. बघावं लागू नये म्हणून तर शेपूट ठेवलेली असते.

लग्नाआधी मी त्याच्या शेजारी असायचे हं. रिकिबीला रिकीब लावून. लग्न झालं, धंदा सुरू झाला आणि माझी रवानगी मागे झाली. तेव्हापासून नवऱ्याची पाठ बघत जगते आहे. त्याचा डावा खांदा जरा उतरता आहे, हे त्याच्या आईलाही माहीत नसेल.

वेर्नाकला शेवटचं गेलो, त्या ऑक्टोबरात तीनच पाहुणे होते. बोर्दोचे एक दातांचे डॉक्टर, त्यांची बायको, आणि लियोंहून आलेली व्हिओलेन. व्हिओलेन एकटी आली होती. कमरेपर्यंत वेणी, गुडघ्यापर्यंत चकचकीत बूट, आणि हसणं असं की समोरच्याला वाटावं, आपण फार विनोदी आहोत. फाब्रिसला तर वाटलंच. त्याचे ते शिळे विनोद! मी ते इतक्यांदा ऐकलेत की घोड्यांनासुद्धा पाठ झालेत. ती मात्र मान मागे टाकून हसायची.

पहिल्याच दिवशी तिचा घोडा कारामेल पुढे सरकला आणि फाब्रिसच्या शेजारी जाऊन चालायला लागला. मी मागून ओरडले, “ओळीत राहा, वाट अरुंद आहे!” तर माझा नवरा म्हणतो कसा, “राहू दे गं मिरेय, इथे पुष्कळ जागा आहे.” पुष्कळ जागा! मला मागे पाठवताना कुठे गेली होती ती जागा?

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. खोटं कशाला बोलू? सगळ्यांचे तंग मी आवळायचे, तिचा मात्र हा स्वतः उतरून आवळायचा. आणि त्याचा तो खिशातला चाकू! आमच्याकडचे पुरुष एकवेळ बायको उसनी देतील, पण चाकू देणार नाहीत. मी एकदा त्या चाकूनं दोरी कापली, तर दोन दिवस धुसफुसत होता. आणि वेर्नाकला जायच्या दिवशी दुपारी अक्रोडाच्या झाडाखाली जेवायला बसलो, तेव्हा व्हिओलेननं हात पुढे केला आणि त्यानं चाकू उघडून, मूठ तिच्याकडे करून दिला. चीज कापायला.

मी विचारलं, “आणि मला?”

“तुझ्याकडे आहे की तुझा,” तो म्हणाला.

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसल्या. मी पाव तोडला आणि माझ्या घोडीला चारला.

तिथून वेर्नाकची गढी दिसते. टेकडीवर, एक बुरूज शाबूत, एक पडलेला. वर जायला एक जुनी घळीची वाट आहे. दोन्ही बाजूंना माणसापेक्षा उंच माती, वरून चेस्टनटची झाडं एकमेकांत गुंतलेली. एका वेळी एकच घोडा जातो. दोन घोडे शेजारी शेजारी जाऊच शकत नाहीत, हे नीट ध्यानात ठेव.

गढी सांभाळायला ओदेतबाई होत्या. पाहुण्यांसाठी सूप त्याच करायच्या. दर वर्षी मला बाजूला घेऊन तेच सांगायच्या, “घळीत नवऱ्यानं हाक दिली की उत्तर लगेच दे हं, पोरी. उत्तर पडून राहू देऊ नकोस. उचलणारी बसलेली आहे तिथे.”

ती गढीची मालकीण. फार जुनी गोष्ट आहे. तिचा नवरा शिकारीला जायचा तो शेजारी दुसरीला घेऊन, आणि ही सगळ्यांच्या मागे. एके दिवशी घळीत त्यानं विचारलं, सगळे आले का? ही रागानं गप्प बसली. निदान एकदा तरी वळून बघेल, म्हणून. तो काही वळला नाही. वर जाऊन त्यानं दरवाजा लावून घेतला. रात्री पाऊस लागला, घळीची माती खाली आली... तेव्हापासून ती तिथे आहे. कुणीतरी विचारायची वाट बघत. मी ओदेतबाईंना हो-हो म्हणायचे आणि सूप प्यायचे.

त्या संध्याकाळी आम्ही घळीत शिरलो तेव्हा उजेड होता, पण धुकं खालून वर येत होतं. सडलेल्या अक्रोडाच्या सालींचा वास येत होता. पाचोळा इतका ओला होता की टापांचा आवाजच येईना. फक्त खोगिरांची करकर, आणि पुढून व्हिओलेनचं हसणं. ती त्याच्या मागोमाग होती. मध्ये डॉक्टर आणि त्यांची बायको. शेवटी मी, माझ्या पांढऱ्या घोडीवर, फारीनवर.

वळणावर फाब्रिसनं हाक दिली, “सगळे?”

मी गप्प बसले.

हो, मुद्दाम. मला वाटलं, वळ ना बाबा एकदा! एवढे दिवस मागे मरते आहे, मेली की जिवंत आहे ते तरी बघ. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि त्याच्या उतरत्या खांद्याकडे बघत राहिले. तो खांदा थोडा हलला. वळणारच होता, ब्लांदीन. शप्पथ सांगते, वळणारच होता...

आणि माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, “सगळे.”

हळू. गोड. अगदी आपल्या माणसाशी बोलावं तसं.

“शाब्बास गं!” फाब्रिस म्हणाला, आणि खांदा पुन्हा सरळ झाला.

माझ्या मागे कुणी असायचं कारणच नव्हतं. शेपूट मीच होते. फारीननं कान मागे पाडले. तिची कातडी माझ्या पायांखाली थरथरत होती. मी वळून पाहिलं तर नुसतं धुकं. पण त्या धुक्यात घोड्याचा श्वास होता. ओला, जड. आणि वास येत होता, बरीच वर्षं बंद असलेली पेटी उघडल्यावर कपड्यांना येतो तसा.

“कोण... कोण आहे?”

 मग माझ्या उजव्या गुडघ्याला गार लागलं. त्या बाजूला मातीची भिंत होती, हात लांब केला तर बोटं टेकतील इतकी जवळ. तिथून काहीतरी पुढे गेलं. सावकाश. जाता जाता लोखंड लोखंडावर घासलं, माझ्या रिकिबीवर. किर्रर्र... असा आवाज झाला.

मी ओरडले, “फाब्रिस! मी नाही बोलले! ते मी नाही!” पण माझा आवाज मलाच ऐकू येईना. पुढे डॉक्टरांचा घोडा बिचकला, मग बाईंचा, मग कारामेल. एकेक करून, जणू कुणी त्यांना बाजूला सारत पुढे चाललं होतं. त्यानंतर व्हिओलेनचं हसणं थांबलं.

वर अंगणात पोचलो तेव्हा कंदील लागले होते. मी उतरले. व्हिओलेन तरातरा माझ्याकडे आली. चेहरा लाल.

“मला बाजूला व्हा म्हणाला असतात, तर झाले असते मी,” ती म्हणाली. “असं ढकलून पुढे जायची काय गरज होती? नवरा तुमचाच आहे, कुणी पळवून नेत नव्हतं.”

“मी? मी शेवटी होते.”

“काहीतरीच काय! सबंध वाटभर त्याच्या शेजारी तुम्हीच तर होतात. दोघं मिळून कुजबुजत होतात. बाकीच्यांनी तुमच्या पाठी बघायच्या?”

तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मत्सराचं. मी ते लगेच ओळखलं, कारण ते पाणी मी आठवडाभर पीत होते. एरवी मला केवढा आनंद झाला असता!

फाब्रिस आला. लग्नाच्या वर्षी दिसायचा तसा दिसत होता. त्यानं माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाला, “आज किती गोड उत्तर दिलंस गं! इतक्या वर्षांत असं बोलली नव्हतीस.”

 दारात ओदेतबाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या रिकिबीकडे बघितलं, आणि हळूच विचारलं, “तू दिलंस का उत्तर?”

मी मान हलवली. नाही.

 त्यांनी आत जाऊन फाब्रिसच्या शेजारची खुर्ची ओढून ठेवली आणि मला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं. “आज त्याच्या जवळ बसू नकोस,” एवढंच म्हणाल्या. सूप संपत आलं तेव्हा फाब्रिसनं आमच्या रीतीप्रमाणे उरलेल्या सुपात लाल वाइन ओतली, वाडगा दोन्ही हातांनी उचलला, आणि प्यायच्या आधी शेजारच्या रिकाम्या खुर्चीपुढे धरला. घोटभर थांबला. मग उरलेलं प्यायला. खिशातला चाकू त्या खुर्चीपुढे ठेवला होता, उघडून, मूठ तिकडे करून.

व्हिओलेन दुसऱ्या दिवशी निघून गेली, पुन्हा कधी आली नाही. आणि हसू नकोस, पण मला तिची आठवण येते. तिच्यावर जळणं बरं होतं. तिला नाव होतं, गाव होतं, चार शिव्या देता येत होत्या. हिला मी काय देऊ?

त्यानंतर मी वेर्नाक बंद केलं. पण त्या मालकिणीनं घळ सोडली होती. कुठल्याही वाटेवर तो ‘सगळे?’ म्हणायच्या आत मी बोंबलायचे, “सगळे! सगळे!” घसा बसायचा. पाहुणे हसायचे. फाब्रिस मात्र हिरमुसायचा. म्हणायचा, “कर्कश झालंय बघ पुन्हा. कधी कधी इतकं छान म्हणतेस!” कधी म्हणते रे मी? कधी?

या वसंतात मी ठरवलं, आता मीच डोकं होणार. त्याला मागे घातलं, स्वतः पुढे झाले. म्हटलं, माझा नवरा आहे, असा सोडणार नाही. पहिल्याच ओढ्यावर मी विचारलं, “सगळे?”

मागून उत्तर आलं. “सगळे.” त्याचा आवाज होता. आणि त्याच्या आवाजाला लागून, जरासा मागे राहून, दुसरा. मग दोघं हसले.

मी वळले नाही, ब्लांदीन. मान वळतच नव्हती. इतकी वर्षं मी त्याला नावं ठेवली, वळून बघत नाही म्हणून. आता माझं तेच झालंय. एकदा बघितलं आणि ते दोघं शेजारी शेजारी दिसले, तर मग मी कुठे जायचं?

म्हणून मला शेपूट हवी आहे. डोळे शाबूत असलेली, मला खरं सांगेल अशी.

थांब. टापा ऐकू येतात ना? तोच आहे, कापितेन अंगणातल्या फरशीवर असाच पाय ओढतो. एकटाच गेला होता, मी स्वतः दार लावून घेतलं. खिडकी जरा उघड. दिवा इकडे राहू दे. मी विचारते हं.

“फाब्रिस! आलात का सगळे?”

...

आता नीट आठवून सांग, बाई. किती आवाज ऐकलेस?